अंगठीचे सिनेमे : मला हमखास विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसच्या डब्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा, म्हणजे टॉल्किन यांची कादंबरी आणि तिच्यावरचे पीटर जॅक्सनचे तीन सिनेमे यांचा, विषय निघाला की माणसं माझ्याकडे बोट दाखवतात. मग तेच दहा-बारा प्रश्न येतात. उत्तरं आता इतकी पाठ झाली आहेत की एकदाची लिहूनच काढते. गोष्ट एका ओळीत: फ्रोडो नावाचा छोट्या चणीचा हॉबिट, मित्र सॅम आणि इतर सोबती घेऊन, दुष्ट सॉरॉनची अंगठी नष्ट करायला त्याच्याच मॉर्डोर देशात निघतो. मतं माझी आहेत. पटली नाहीत तर भांडायला या, चहा मी पाजते. कोण मरतं, कोण जगतं हे सगळं पुढे येणार आहे. वीस वर्षांहून जास्त झाली, आता रहस्य कसलं राखायचं?

आधी पुस्तक वाचू की सिनेमा पाहू?

सिनेमा. कट्टर वाचकांना हे उत्तर अजिबात आवडत नाही, पण मी स्वतः त्याच दाराने आत आले. आमच्या गल्लीच्या टोकाला सीडी भाड्याने देणारं एक दुकान होतं. पहिला भाग तीन व्हीसीडींवर यायचा, कारण एका चकतीत तासाभराहून थोडंसंच जास्त मावायचं. त्यातली दुसरी चकती इतक्या घरांतून फिरून आलेली की पुलावर म्हातारा जादूगार गॅन्डाल्फ काठी आपटतो नेमक्या त्याच जागी पडद्यावर चौकोन चौकोन यायचे. फडक्याने पुसून झालं, फुंकर मारून झाली, शेवटी थेट तिसरी चकती लावली. तिथे सगळे रडत होते आणि म्हातारा गायब. तो पडला की मागे राहिला हे कळावं म्हणून मैत्रिणीच्या दादाकडून पुस्तक आणलं. तीनशे पानं वाचावी लागली, त्यातल्या पहिल्या शंभरात हॉबिट मंडळी बहुतेक जेवतच होती. पण तोवर ती माझी झाली होती.

आधी पुस्तक वाचलं तर सिनेमा बघताना तुम्ही गैरहजरांची यादी करत बसता. आधी सिनेमा पाहिला तर पुस्तकात जास्तीचं सापडत जातं. तोटा एकच, अ‍ॅरागॉर्नचा चेहरा मग कायमचा व्हिगो मॉर्टेन्सनचा होऊन बसतो. त्याला माझी काही हरकत नाही.

मराठीत आहे का?

आहे. मुग्धा कर्णिक यांनी अनुवाद केला आहे, ‘स्वामी मुद्रिकांचा’. नाव मला फार आवडतं. मुद्रिका म्हटलं की आपल्याला अशोकवनातला मारुती आठवतो. ती अंगठी ओळख पटवणारी होती. ही माणसाची ओळख पुसत नेते.

इतकं काही गाळलंय, तरी तू या सिनेमांची बाजू घेतेस?

घेते, आणि त्याचं कारण खुद्द टॉल्किन आहेत. १९५८ साली एका अमेरिकन गटाने सिनेमाचा आराखडा त्यांना पाठवला होता. त्यावर त्यांनी लांबलचक पत्र लिहून कलम-दर-कलम वाभाडे काढले. पण त्या पत्रात ‘माझं काही कापू नका’ असा हट्ट नाही. उलट, सगळं कोंबून चुरगाळण्यापेक्षा सरळ काढून टाका, असा त्यांचा सूर आहे. एके ठिकाणी तर ते म्हणतात की चालते-बोलते वृक्ष, म्हणजे एण्ट, आणि हॉर्नबर्ग किल्ल्याची लढाई या दोन्हींना पुरेशी जागा देता येत नसेल तर एक गाळा, आणि गाळायची ती लढाई.

पीटर जॅक्सनने बरोबर उलटं केलं. त्याच लढाईभोवती त्याचा दुसरा सिनेमा उभा आहे आणि एण्टांच्या वाट्याला कमी जागा आली आहे. म्हणजे लेखकाचं त्याने ऐकलं असंही नाही. पण काय गाळायचं आणि काय ठेवायचं हे कुणीतरी बसून ठरवलेलं आहे, हे दिसतं. टॉम बॉम्बाडिल गेला, ठीक आहे. पिवळ्या बुटांत गाणी म्हणत फिरणारा तो गृहस्थ अंगठी बोटात घालूनही जसाच्या तसा राहतो. पुस्तकात ते गूढ वाटतं. सिनेमात, जिथे आत्ताच कुठे प्रेक्षकाला अंगठीची भीती घालायला सुरुवात केली आहे, तिथे त्याने हवाच काढून घेतली असती. पुस्तकात अंगठीचा आधीचा मालक बिल्बो याच्या वाढदिवसानंतर फ्रोडो घर सोडेपर्यंत सतरा वर्षं जातात, सिनेमात ती जाणवतही नाहीत. तेही ठीक. पन्नाशीचा फ्रोडो पडद्यावर अठरा-एकोणीस वर्षांच्या इलायजा वुडने केला, आणि ती कोवळीक कामी आली.

मला खुपतं ते शेवटचं. पुस्तकात चौघे हॉबिट घरी परततात तेव्हा दुष्ट जादूगार सारूमानच्या माणसांनी त्यांचं शायर उद्ध्वस्त केलेलं असतं, झाडं तोडलेली असतात, आणि त्यांना स्वतःच्या गावासाठी पुन्हा लढावं लागतं. टॉल्किन पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, सोमच्या खंदकांत लढले होते. युद्ध दूर कुठेतरी संपतं आणि घर तसंच्या तसं वाट पाहत असतं, असं त्यांच्या गोष्टीत घडत नाही. सिनेमात शायर हिरवंगार, जसंच्या तसं आहे.

पण मग मी स्वतःलाच तो गुत्त्यातला प्रसंग दाखवते. चौघे आपल्या नेहमीच्या टेबलावर बसले आहेत. भोवती सगळ्या गावाचं लक्ष कुणाच्या तरी भल्यामोठ्या भोपळ्याकडे. जग वाचवून आलेल्यांकडे कुणी बघतसुद्धा नाही. चौघे एकमेकांकडे बघतात, काही बोलत नाहीत, मग टेकवतात. पुस्तकातली ती सगळी पानं त्या चार मगांत आली, असं म्हणवत नाही. पण निदान त्या पानांचं देणं लागतो याची जाण तिथे आहे.

मग बदललेलं सगळंच चांगलं?

छे. गाळलेल्यावर माझा फारसा राग नसतो. घातलेलं मी जास्त तपासते.

घातलेल्यातलं उत्तम उदाहरण बर्फातलं आहे. डोंगर चढताना फ्रोडो घसरतो, अंगठी साखळीसकट बर्फात पडते आणि सोबत्यांपैकी बोरोमिर ती उचलतो. हातात नाही, साखळीला धरून. इवलीशी वस्तू डोळ्यांसमोर लोंबते आहे आणि तो स्वतःशीच बोलावं तसं बोलतो. अ‍ॅरागॉर्न हाक मारतो. बोरोमिर भानावर येतो, अंगठी परत देतो, फ्रोडोचे केस विस्कटून हसतो. कॅमेरा खाली येतो तेव्हा कळतं की इतका वेळ अ‍ॅरागॉर्नचा हात तलवारीच्या मुठीवर होता. तो आता सैल पडतो. हा प्रसंग पुस्तकात नाही. पण पुस्तकाने बोरोमिरबद्दल जे सावकाश, पानापानांतून पेरलंय ते इथे मिनिटभरात कळतं.

दुसरं उदाहरण डोंगरमाथ्यांवरच्या, मदतीच्या इशाऱ्याच्या आगट्यांचं. पुस्तकात गॅन्डाल्फ आणि हॉबिट पिपिन घोड्यावरून जाताना त्या आधीच पेटलेल्या दिसतात. सिनेमात पिपिन चोरून चढतो, पहिली पेटवतो, आणि मग एका शिखरावरून दुसऱ्या शिखरावर ठिणगी जात राहते. खाली हॉवर्ड शोर यांचं संगीत. दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो आणि दर वेळी नवरा विचारतो की त्या बर्फाच्या शिखरावर रोज ड्यूटीला कोण बसत असेल, त्याला डबा कोण पोचवत असेल. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

वाईटात वाईट म्हणजे फ्रोडोने सॅमला घरी जायला सांगणं. त्यांचा वाटाड्या गॉलम, ज्याला स्वतःलाच अंगठी हवी आहे, रोटीचा चुरा सॅमच्या अंगावर टाकतो आणि फ्रोडोचा त्यावर विश्वास बसतो. पुस्तकात दोघे शेलोब या राक्षसी कोळिणीच्या बोगद्यात एकत्रच शिरतात. सासूने सुनेच्या डब्यात काहीतरी लपवून तिला घराबाहेर काढायचं, अशा मालिका आपण कमी पाहिल्यात का? त्यासाठी मॉर्डोरच्या सीमेपर्यंत जायची गरज नव्हती.

बोरोमिरचा भाऊ फारामिर याच्याबद्दल मात्र माझं मत बदललं आहे. पुस्तकातला फारामिर अंगठीला हात लावायलाही तयार नाही. सिनेमातला फ्रोडोला पकडून ऑस्गिलियथपर्यंत नेतो. कॉलेजात असताना मी यावरून एका मित्राशी आठवडाभर बोलत नव्हते. पुढे पटकथाकारांचं म्हणणं ऐकलं. दोन सिनेमे आपण सांगत आलो की या अंगठीला कुणी नाही म्हणू शकत नाही, आणि मग एक माणूस सहज नाही म्हणाला तर सगळा ताणच जातो. शिवाय शेलोब तिसऱ्या भागात ढकलल्यामुळे दुसऱ्या भागात फ्रोडो-सॅमकडे शेवटाला काहीच उरत नव्हतं. हे पटतं. आवडत नाही, पण पटतं. मित्राशी आता बोलते.

शेवटी फ्रोडोला उचलून आणतात त्या गरुडांवर बसूनच का नाही गेले? दहा मिनिटांत काम झालं असतं.

आला प्रश्न. माझा भाचा नऊ वर्षांचा असताना त्यानेही हाच विचारला होता आणि त्यानंतर मला भेटलेल्या प्रत्येक इंजिनिअरने.

एक, गुपचूप जाणं हाच तर सगळा बेत आहे. आकाशातून अवाढव्य पक्षी येतोय हे बघायला सॉरॉनला डोळा वटारावा लागला नसता, आणि त्याच्याकडेही उडणारे स्वार आहेत. दोन, गरुड हे कुणाचे नोकर नाहीत. पुस्तकात ग्वाइहिर गरुड गॅन्डाल्फला तोंडावर सांगतो की मला निरोप पोचवायला पाठवलंय, ओझी वाहायला नाही. ‘तिकडे येणार नाही’ म्हणणारा रिक्षावाला ज्याने पाहिला आहे त्याला हे समजायला जड जाऊ नये. तीन, टॉल्किन यांनाही हा धोका ठाऊक होता. १९५८ च्या त्याच पत्रात त्यांनी गरुडांचा सढळ वापर केल्याबद्दल पटकथाकाराला झापलं आहे. हे साधन धोक्याचं, मी ते जपून वापरलंय, अशा अर्थाचं ते लिहितात.

थिएटरमधला कट की जास्तीचे प्रसंग असलेला एक्स्टेंडेड?

पहिल्यांदा थिएटरमधला, नंतर जन्मभर एक्स्टेंडेड. पहिल्या भागाचा तर एक्स्टेंडेडच सरस. तिसऱ्यात सारूमानचा शेवट आहे, जो थिएटरच्या आवृत्तीतून पूर्ण कापला होता. सारूमान केलेले ख्रिस्टोफर ली त्यावरून इतके दुखावले की प्रीमियरलाच गेले नाहीत. त्या सगळ्या नटसंचात टॉल्किन यांना प्रत्यक्ष भेटलेला तो एकटा माणूस. त्यांच्या जागी मीही रुसले असते.

‘हॉबिट’चं काय बिनसलं?

बसा. हे लांबणार आहे.

आधी गणित. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ अंदाजे पावणेपाच लाख शब्दांची कादंबरी. १९५४-५५ मध्ये ती तीन खंडांत आली, कारण युद्धानंतर कागद महाग होता. एरवी ती एकच गोष्ट. तिचे तीन सिनेमे थिएटरमध्ये मिळून ५५८ मिनिटांचे. ‘हॉबिट’ १९३७ चं, मुलांसाठी लिहिलेलं, साधारण ९५ हजार शब्दांचं. त्याचे तीन सिनेमे मिळून ४७४ मिनिटांचे. म्हणजे एकीकडे मिनिटाला साडेआठशे शब्द मावले आणि दुसरीकडे दोनशे. एकात दाबून भरलेला डबा आहे, दुसऱ्यात एका वाटीच्या आमटीत पाणी घालत घालत पंगत उठवली आहे.

गंमत म्हणजे नव्वदच्या दशकात परिस्थिती उलटी होती. जॅक्सन दोन सिनेमांचा प्रस्ताव घेऊन फिरत होता आणि मिरामॅक्स कंपनी एकातच आटपा म्हणत होती. मग तो न्यू लाइन या दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि तिथे बॉब शे यांनी विचारलं की पुस्तकं तीन आहेत तर सिनेमे दोनच का. तिथून तीनचं ठरलं. ‘हॉबिट’च्या वेळी दोन सिनेमे ठरले होते, शूटिंगही उरकत आलं होतं, आणि २०१२ च्या जुलैत जाहीर झालं की तीन होणार. आधी गोष्टीला जागा कमी पडत होती. आता जागा आधी ठरली आणि ती भरायला गोष्ट शोधावी लागली.

भरायला काय मिळालं? पुस्तकात नसलेला लेगोलस. पुस्तकात नसलेली टॉरिएल, आणि तिच्यासाठी प्रेमाचा त्रिकोण. इव्हँजेलिन लिलीने भूमिका घेतानाच त्रिकोण नको असं सांगितलं होतं, आणि तो नंतरच्या शूटिंगमध्ये घातला गेला, हे तिनेच पुढे सांगितलं. आणि पाच सैन्यांची लढाई. पुस्तकात बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो, तो बेशुद्ध होतो आणि जागा होतो तेव्हा लढाई संपलेली असते. टॉल्किन यांनी मुद्दाम त्याला झोपवलंय, कारण गोष्ट त्याची आहे, लढाईची नाही. सिनेमाने त्या बेशुद्धीचा अख्खा तिसरा भाग केला.

पण नुसतं ‘लोभ’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. वेळ हेही कारण होतं. पहिल्या तिन्ही सिनेमांचं चित्रीकरण ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० असं न्यूझीलंडमध्ये सलग झालं, पण त्याआधी काही वर्षं अ‍ॅलन ली आणि जॉन हाऊ नुसते चित्रं काढत बसले होते. चिलखतांच्या कड्या लोकांनी हाताने एकात एक ओवल्या. ‘हॉबिट’ मुळात गिएर्मो देल तोरो करणार होता. २०१० मध्ये तो बाहेर पडला, जॅक्सनने ऐनवेळी खांदा दिला आणि पुढच्या मार्चमध्ये कॅमेरा सुरू. तयारीला वेळच मिळाला नाही, सेटवर जाऊन सुचेल तसं करत होतो, हे जॅक्सनने पडद्यामागच्या चित्रणात स्वतः कबूल केलं आहे. त्याचा तो दमलेला चेहरा बघून मला राग येईनासा झाला.

आणि एक छोटी गोष्ट, जी मला सगळ्यांत मोठी वाटते. पहिल्या सिनेमाच्या सुरुवातीला गॅन्डाल्फ आणि फ्रोडो घोडागाडीत शेजारी बसून गप्पा मारतात, आठवतंय? ते शेजारी नाहीतच. गाडी अशी बांधली होती की फ्रोडोची बैठक बरीच मागे आहे. कॅमेऱ्यातून बघताना तो शेजारी आणि लहान दिसतो. दोन नट, एक गाडी, सुताराची करामत. ‘हॉबिट’ थ्रीडीमध्ये काढला, आणि थ्रीडीत खोली खरीच दिसते, त्यामुळे ही फसवणूक चालत नाही. मग काय? गॅन्डाल्फ करणारे इयन मॅकेलन हिरव्या पडद्यांच्या खोलीत एकटे, समोर तेरा बुटक्यांचे फोटो, जो बोलतोय त्याच्या फोटोजवळ दिवा लागायचा. तिथे त्यांना रडू कोसळलं. हे त्यांनीच सांगितलंय.

त्यात सेकंदाला ४८ फ्रेम. नेहमीच्या दुप्पट. सगळं इतकं लख्ख दिसायचं की मिशी चिकटवलेली आहे हे मिशीच सांगायची. जुन्या दूरदर्शनवर स्टुडिओत टिपलेलं नाटक बघतोय असं वाटत होतं.

मार्टिन फ्रीमनचा बिल्बो आणि अंधारातला कोड्यांचा प्रसंग मात्र सोन्याचा. तेवढा भाग मी वर्षातून एकदा बघतेच.

शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे करण्याची टूम यांनीच काढली का?

नाही, ते खापर यांच्यावर नको. ‘हॅरी पॉटर’च्या सातव्या पुस्तकाचे दोन भाग २०१० आणि २०११ मध्ये आले. तिथे ते चाललं, पुस्तक जाडजूड होतं. लगेच ‘ट्वायलाइट’ने तेच केलं, मग ‘हंगर गेम्स’ने. ‘डायव्हर्जंट’ची तर फजितीच झाली. शेवटच्या पुस्तकाचा पहिला अर्धा २०१६ मध्ये आला, पडला, आणि दुसरा अर्धा कधी निघालाच नाही. प्रेक्षक अजून इंटर्व्हलमध्येच बसलेत.

‘ड्यून’ मात्र वेगळा. एकाच पुस्तकाचे दोन भाग, २०२१ आणि २०२४, आणि दुसऱ्याला परवानगी पहिला प्रदर्शित झाल्यावरच मिळाली. ती कादंबरी खरोखर एका बैठकीत मावत नाही.

‘रिंग्ज ऑफ पॉवर’ पाहिलीस?

पाहिली. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या आधीच्या काळावरची ती मालिका दिसायला देखणी आहे. अडचण अशी की त्यांच्याकडे त्या प्राचीन काळावरच्या टॉल्किन यांच्या ‘सिल्मरिलियन’ पुस्तकाचे हक्क नाहीत, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या मागच्या परिशिष्टांतल्या नोंदींवर इमारत उभी करायची होती. रिकाम्या जागा भरायला माझी ना नाही. पण त्या परिशिष्टांत अंगठी घडवणं आणि न्यूमेनॉर बेट बुडणं यांत सतराशेच्या आसपास वर्षं जातात, आणि मालिकेत ती सगळी मंडळी एकाच वेळी वावरतात. आपल्याकडे गौतमीपुत्र सातकर्णी आणि शिवाजी महाराज एकाच मोहिमेवर दाखवले तर काय होईल, तसं. दीर्घ काळ, पिढ्यान्‌पिढ्या चढत जाणारी मृत्यूची भीती आणि अमरांचा मत्सर हाच न्यूमेनॉरचा विषय आहे. काळ काढला की उरतो फक्त राजवाडा.

टॉल्किन यांच्या मुलालाच सिनेमे आवडले नव्हते ना?

ख्रिस्टोफर टॉल्किन यांना नाही आवडले. २०१२ मध्ये ‘ल माँद’ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी स्पष्ट सांगितलं की पुस्तकाचा कोथळा काढून तरुण पोरांसाठी मारधाडीचा सिनेमा केलाय. वडिलांचे कागद लावण्यात ज्याने आयुष्य घालवलं त्याला असं वाटणारच. मी वाद घालणार नाही. फक्त इतकंच, की त्यांनी छापलेली पुस्तकं मी विकत घेतली ती त्या मारधाडीच्या सिनेमामुळे.

नवे येताहेत ते बघणार का?

बघणार, शिव्या देत बघणार. २०२४ चा ‘वॉर ऑफ द रोहिरिम’ हा जपानी शैलीचा अ‍ॅनिमेशनपट परिशिष्टातल्या काही परिच्छेदांवर उभा आहे. हेल्म राजाच्या मुलीला टॉल्किन यांनी नावही दिलेलं नाही. सिनेमाने तिला हेरा केलं आणि नायिका केलं. हे मला चाललं, कारण तिथे पाटी कोरी होती. गॉलमच्या शोधावरचा सिनेमा गॉलम केलेला अँडी सर्किस स्वतः दिग्दर्शित करतोय, तो २०२७ च्या डिसेंबरात आणायचं जाहीर झालंय. गॉलमची पाटी कोरी नाही. त्याच्याबद्दल जे सांगायचं ते सर्किसनेच एकदा सांगून झालंय. तरी पहिल्या दिवशी जाईनच.

मुलांना कितव्या वर्षी दाखवू?

तुमचं मूल कोळ्याला किती घाबरतं त्यावर आहे. भाचा राक्षसी ऑर्कांना हसला आणि शेलोब आल्यावर माझ्या ओढणीत शिरला.

तुझ्याकडे तिन्ही भाग एका दिवसात बघतात म्हणे. आम्ही येऊ का?

या. एक्स्टेंडेड तिन्ही मिळून अकरा तासांच्या वर जातात, त्यामुळे सकाळी सातला सुरुवात. उशिरा येणाऱ्याला मागचं सांगितलं जाणार नाही. मध्येच ‘हा कोण?’ विचारायची मुभा पहिल्या भागातच. गरुडांबद्दल बोलणाऱ्याला भांडी घासावी लागतात. हॉबिट लोकांची दुसरी न्याहारी असते तशी आपलीही असते, साडेदहाला. खिचडी करते, तेव्हा किती जण येताय ते आदल्या दिवशीच कळवा. साबुदाणा रात्री भिजवावा लागतो.